खाण तशी माती, माती तसं झाड

जून लागला की रोपवाटिकेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "लवकर वाढणारं काहीतरी द्या हो." मागणारा कुणीही असू शकतो. नवा बंगला बांधलेले सद्गृहस्थ, सोसायटीच्या बाग समितीचे सेक्रेटरी, बांधावर झाडं लावायला निघालेला शेतकरी, नाहीतर पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमासाठी टेम्पो घेऊन आलेला एखादा कार्यकर्ता. आणि विकणाराही उलट एक प्रश्न न विचारता हात दाखवतो, "ती तिकडची ओळ बघा. दोन वर्षांत दोन मजले."

दोन मजले कुठल्या मातीत? हे ना घेणारा विचारतो, ना देणारा सांगतो. माझं सगळं म्हणणं या एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

"लवकर वाढणारं झाड" अशी काही स्वतंत्र जात नसते हो. लवकर वाढते ती झाडाची आणि मातीची जोडी. सुबाभूळ घ्या. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत तिचं बी पडायचा अवकाश, वर्षभरात ती आपल्या डोक्यावर जाते. तीच कोकणात जांभ्याच्या आम्ल मातीत लावा, वर्षानुवर्षं खुरटून बसते. रोप तेच, बी तेच, पाऊस तर चौपट. मग सुबाभूळ "लवकर वाढणारी" की "न वाढणारी"? ज्याला ज्याचा अनुभव, तो ते उत्तर देणार.

हा विषय माझ्या डोक्यात घोळत राहतो याला कारण आहे. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, सासर मिरजेच्या बाजूला, आणि संसार पुण्यात. म्हणजे तीन घरं आणि तीन माती. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना मी लोणच्याची बरणी नेते तशी रोपंही नेते, आणि कोणतं रोप कुठे रुसतं हे आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे.

आपल्याकडे म्हण आहे, "खाण तशी माती". माणसांच्या बाबतीत ती खरी असेलही. पण जमिनीच्या बाबतीत सह्याद्रीनं ती साफ खोटी पाडली आहे. पुण्याच्या पायाखाली जो काळा कातळ आहे, तोच रत्नागिरी जिल्ह्याच्या बऱ्याच भागाच्या पोटात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून झालेला हा बेसाल्ट. खाण एकच. पण घाटाच्या पश्चिमेला वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यानं लाखो वर्षं खडक अक्षरशः धुतला. त्यातला चुना गेला, मॅग्नेशियम गेलं, पालाश गेलं, आणि मागे उरलं ते लोखंड नि ॲल्युमिनियम. तोच आमचा तांबडा जांभा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यानं केरळातल्या अंगाडिपुरम इथल्या अशाच दगडाला "लॅटराइट" हे नाव दिलं, ते "वीट" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. कोकणी माणसाला त्यात नवल वाटणार नाही, आमची घरंच त्या चिऱ्यांची.

घाटाच्या पूर्वेला पाऊस ६००-७०० मिलीमीटरवर येतो. एवढ्या पावसाला चुना धुऊन नेणं जमत नाही. तो जमिनीतच मुरतो आणि पांढऱ्या खड्यांच्या रूपानं खाली साठतो. विहीर खणताना निघणारी ती चुनखडी. म्हणून कोकणातल्या जांभ्या जमिनीचा पीएच साधारण ५ ते ६.५, आणि देशावरच्या काळ्या जमिनीचा ७.५ ते ८.५. आकडे ऐकायला जवळजवळ वाटतात. पण पीएचची मोजपट्टी फसवी आहे. तिथे एक अंक म्हणजे दहापट. ५.५ आणि ८.५ यांत तीनाचा नाही, हजारपटीचा फरक असतो. एका घाटाच्या अंतरात.

याचा झाडाशी संबंध काय? झाड माती खात नाही, ते मातीतल्या पाण्यात विरघळलेलं पितं. आणि काय विरघळणार, काय अडकून बसणार, हे मुख्यतः पीएच ठरवतो. पीएच एका अंकानं चढला की मातीतल्या पाण्यात उतरणारं लोह जवळपास हजारपटीनं घटतं. काळ्या जमिनीत लोखंड भरपूर असतं, पण ते कुलूपबंद. मग झाडाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर असं दिसलं की शेतकरी "केवडा पडला" म्हणतात. आम्ल जमिनीत उलटा प्रकार. तिथे ॲल्युमिनियम मोकळं सुटतं आणि मुळांची टोकंच आखडून टाकतं. घातलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं आणि झाडाच्या वाट्याला येत नाही. सुबाभूळ कोकणात मार खाते ती इथे. ॲल्युमिनियम तिला सोसत नाही आणि कॅल्शियमची तिची भूक तिथे भागत नाही.

हायड्रेंजियाचं झुडूप ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे डोळ्यांनी दिसतं. आम्ल मातीत ॲल्युमिनियम मिळालं की त्याच्या कित्येक जातींना निळी फुलं येतात, अल्कधर्मी मातीत तीच गुलाबी येतात. बिचारं झुडूप फुलांनी सांगतं. बाकीची झाडं पिवळी पडून सांगतात, आणि आपण ते "पाणी कमी पडलं वाटतं" म्हणून सोडून देतो.

आता पुण्याची गोष्ट. इथल्या बहुतेक नव्या सोसायट्यांमध्ये बागेचा एक ठरलेला नकाशा असतो. कुंपणाला एक्झोरा, कोपऱ्यात अनंत, मध्ये हिरवळ. आमच्याकडेही तोच आला. एक्झोरा आणि अनंत दोघंही आम्ल मातीचे. आणि सोसायटीची माती कोणती? मुळात काळी, त्यात बांधकामाच्या वेळी पडलेलं सिमेंट, प्लास्टर, विटांचा चुरा. वर बोअरचं जड पाणी, त्यातही बायकार्बोनेट. म्हणजे चुन्यावर चुना.

यावर बागेच्या कंत्राटदाराकडे एक रामबाण उपाय असतो, लाल माती. दोन बाय दोनचा खड्डा घ्यायचा, लाल मातीनं भरायचा, रोप लावायचं. पहिलं वर्ष छान जातं. दुसरंही बरं जातं. मग मुळं त्या खड्ड्याच्या भिंतीबाहेर पडतात, आणि बोअरच्या पाण्यानं आतली मातीही तोवर बदललेली असते. तिसऱ्या वर्षी कुंपण पिवळं. कंत्राटदाराची हमी असते एक वर्षाची. मग लोहाचं खत येतं, फवारणी येते, नवीन रोपं येतात, आणि दरवर्षी वार्षिक सभेत बागेच्या खर्चावर तीच भांडणं.

आणि ती लाल माती येते कुठून, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. ती कुठल्यातरी डोंगराच्या उतारावरून खरवडलेली असते. आपल्या कुंपणाला चार लाल फुलं यावीत म्हणून कुठलातरी डोंगर बोडका करायचा, याला मी बागकाम म्हणायला तयार नाही.

"मग मातीच सुधारून घ्या ना, गंधक टाका," असंही सुचवलं जातं. जरा हिशोब करून बघा. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर म्हणजे सुमारे २२०० टन माती. त्यात फक्त एक टक्का चुना धरला तरी तो झाला २२ टन. तो संपवायला गंधक लागतं सात टन. आणि चुनखडीच्या जमिनीत पाच काय, दहा टक्केही चुना असू शकतो. कुंडीत, वाफ्यात हे जमेल. पण मोकळ्या जमिनीचा स्वभाव बदलायला जाणं म्हणजे समुद्रात साखर टाकून गोड पाण्याची वाट बघणं. त्यापेक्षा त्या स्वभावाशी जुळणारं झाड निवडणं सोपं नाही का? कण्हेर आहे, मेंदी आहे, पिवळ्या घंटांचा टेकोमा आहे. काळ्या चुनखडीत, जड पाण्यावर यांची तक्रार नसते आणि कुंपण दोन पावसाळ्यांत भरतं. मोठ्या झाडांत कडुनिंब आहे, करंज आहे, शेंगा देणारा शेवगा आहे. शेवगा तर दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी चालवून घेतो, फक्त पायाशी पाणी साचता कामा नये.

कोकणात हाच कडुनिंब न्या. तो कोरड्या हवेचा, त्याला तो पाऊस आणि ती माती फारशी मानवत नाही. देशावर गावोगावी दिसणारं हे झाड कोकणात शोधावं लागतं, ते उगाच नाही. पण म्हणून कोकणात लवकर वाढणारं काही नाही असं थोडंच आहे? गिरिपुष्पाची फांदी पावसाच्या तोंडाला खोचली की कुंपण तयार, पाला भातखाचराला खत. पांगाराही तसाच फांदीनं लागतो. काटेसावर झपाट्यानं उंच जाते. खोल, निचऱ्याची माती असेल तिथे शिवण चांगल्या लाकडाची होते. आणि काजू आहेच. १६ व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला तो बाहेरचाच, पण या आम्ल, निकस, दगडाळ उतारावर असा रुजला की आज त्याला कुणी परका म्हणत नाही. हा पाहुणा मातीशी जुळवून घेऊन घरचा झाला.

कोकणातसुद्धा सगळीकडे एकच माती नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. किनाऱ्यावरच्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुना असतो, म्हणून ती अल्कधर्मी. सुरूचं झाड तिथे आनंदानं वाढतं. पश्चिम किनाऱ्यावर सुरू आली ती १८६८ मध्ये कारवारला, आणि वाळू धरून ठेवण्यासाठी पुढे सगळीकडे लावली गेली. त्याच गावात अर्धा मैल वर चढून सड्यावर गेलात की माती आम्ल. म्हणजे "कोकणात काय लावू?" हा प्रश्नही अजून अर्धाच. कोकणात कुठे?

आता सासरकडची माती. ही सगळ्यात अवघड, कारण ती निसर्गानं नाही, आपण बिघडवली आहे. कृष्णा-वारणेच्या काठानं उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं. निचरा नाही. खालचं पाणी वर आलं, क्षार घेऊन आलं, पाणी उडून गेलं आणि क्षार राहिले. आधी जमीन खारवट होते, वर पांढरा थर दिसतो. पुढे सोडियम मातीच्या कणांना धरून बसला की ती चोपण होते. पीएच ८.५ च्या वर. पाऊस पडला की राड, ऊन पडलं की दगड. पाणी आत जात नाही, हवा जात नाही.

गेल्या वर्षी धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, खालच्या तुकड्यात ऊस फुटतच नाही. नीलगिरी टाकावी म्हणतोय. पाणी ओढतं म्हणतात, आणि लवकर वाढतं."

मी म्हटलं, "भाऊजी, पाणी ओढतं हे खरं. हरियाणात कालव्याकाठच्या पाणथळ जमिनीत ती त्याचसाठी लावून पाहिली आहे. पण झाड पाणी उचलतं आणि मीठ मागेच ठेवतं. त्या मिठाचं काय करणार?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आधी माती तरी तपासून घेतो."

तपासली. पीएच नऊच्या पुढे निघाला. तिथे उत्तर झाडापाशी सुरू होत नाही, चरापाशी सुरू होतं. आधी निचऱ्याचे चर, मग जिप्सम, म्हणजे त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेईल आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून बाहेर जाईल. मग धैंचा पेरायचा आणि दीड महिन्यात फुलावर यायच्या सुमारास गाडायचा. हिरवळीचं खत म्हटलं की लोकांना ताग आठवतो, पण खाऱ्या चोपण जमिनीत ताग तग धरत नाही, धैंचा धरतो. बांधाला शेवरी, करंज, अर्जुन. शेवरी तर त्या भागात नवी नाही, मिरजेकडच्या पानमळ्यांत नागवेलीला आधार तिचाच. ओल, खार, चोपण सगळं सोसते, वर्षात छपराएवढी होते आणि शेळ्या आवडीनं खातात. जमीन फारच कठीण असेल तर त्याचीही रीत आहे. करनालला १९६९ मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी गिरमिटानं चार-पाच फूट खोल भोक पाडून, खालचा खड्यांचा थर फोडून, त्यात जिप्सम आणि शेणखत मिसळलेली माती भरून झाडं जगवून दाखवली. मूळ एकदा तो थर ओलांडून गेलं की पुढचं झाड बघून घेतं.

पण खरी अडचण यातल्या कशातच नाही. चर एकट्याच्या रानात काढून भागत नाही. पाणी ओढ्यापर्यंत जायला खालच्या तिघांच्या रानातून वाट हवी. दोघं तयार आहेत, तिसऱ्याशी भाऊजींचं अजून बोलणं चालू आहे. तो तुकडा पुढच्या पिढीला ऊस-गहू देणार की पांढरा पडून राहणार, हे आता कुठल्याही रोपापेक्षा त्या बोलण्यावर ठरणार आहे.

यावर कुणी म्हणेल, बाई, एवढी मातीची पूजा कशाला? कुठल्याही मातीत वाढणारी झाडं आहेतच की. आहेत ना. ऑस्ट्रेलियन बाभूळ आम्ल सड्यावरही वाढते आणि अल्कधर्मी जमिनीतही. १८७० च्या दशकात भारतात आणलेली वेडी बाभूळ चोपणातही हटत नाही. अलीकडचा कोनोकार्पस खाऱ्या पाण्यावर वर्षभरात भिंतीएवढा होतो. पण या यादीकडे जरा लक्ष देऊन बघा. कुठेही वाढणारं झाड म्हणजे थांबवता न येणारं झाड, असा अर्थ पुष्कळदा निघतो. वेडी बाभूळ काढता काढता गावं थकली. सुबाभूळ आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. कोनोकार्पसवर गुजरात सरकारला २०२३ मध्ये बंदी घालावी लागली. जे झाड मातीचं काही ऐकत नाही, ते शेजारच्या झाडाचंही ऐकत नाही.

वेगाची गरज मी नाकारत नाही. उघड्याबोडक्या शाळेच्या पटांगणात मुलांना पाच वर्षांत सावली हवी, पन्नास वर्षांत नव्हे. शेतकऱ्याला चारा, सरपण, चार पैसे लवकर हवेत. वडाची थोरवी सांगून ही गरज भागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की वेग हवा असेल तर मातीकडूनच मागा. जुळलेलं साधं देशी झाड न जुळलेल्या "फास्ट ग्रोइंग" झाडाच्या पुढे जातं. दोन वर्षांत नाही गेलं तर पाच वर्षांत जातं.

आपल्याकडे झाडं मोजायची हौस मात्र दांडगी. राज्य सरकारनं २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. तेहतीस कोटी, म्हणजे थेट देवांचाच आकडा! उत्साहाला माझा नमस्कार. पण प्रत्येक लागवडीच्या फलकावर रोपांची संख्या आणि पाहुण्यांची नावं असतात, तिथे मातीचा पीएच लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही. एका ओळीचं काम आहे. २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी मृदा आरोग्य पत्रिका आहे, त्यात पीएच आणि क्षारता दोन्ही येतात. शेतातल्या सहा महिन्यांच्या पिकासाठी जी तपासणी करतो, ती साठ वर्षांच्या झाडासाठी नको?

आणि प्रयोगशाळा लांब असेल तरी काही गोष्टी घरी कळतात. चिमूटभर कोरडी माती बशीत घ्या, वर व्हिनेगर टाका. बुडबुडे फुटले तर चुना आहे. एक्झोरा विसरा. खड्डा खणाल तेव्हा तीन फुटांपर्यंतची माती बघा, कारण वरची चार बोटं माती झाडाला पहिलं वर्षच पुरते. पांढरे खडे दिसतात का, पाणी किती वेळ साचून राहतं, हे बघा. नमुना देतानाही खालचा थर वेगळा द्या. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कुंपणाबाहेर डोकवा. ज्या झाडाला कुणी लावलं नाही, पाणी घातलं नाही, आणि तरी ते हिरवंगार उभं आहे, त्यानं तुमच्या मातीची परीक्षा तुमच्या आधीच दिलेली असते.

असो. बरंच लांबलं. सांगायचं एवढंच, की यंदा रोपवाटिकेत गेलात तर "लवकर वाढणारं द्या" म्हणण्याआधी "माझी माती अशी आहे" एवढं एक वाक्य बोलून बघा. विकणारा गोंधळून बघेल कदाचित. पण दहा गिऱ्हाइकं तसं बोलली, तर अकराव्याला तो स्वतःहून विचारेल. तुमच्या गावची माती कुठली, आणि तिच्यात न सांगता भराभर वाढतं ते झाड कुठलं?